देवळाबाहेर बूट राखताना

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या शिरूरच्या बाजारात भाजी घेताना आपण शेजारी उभे राहिलो तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय पुरते.

मी शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की मी नुसती खाकरले तरी मैदानाच्या त्या टोकाची पोरं रांगेत उभी राहतात. घरातही मी शिट्टीच्या सुरातच बोलते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. पोरांना मी रोज बजावते — हरलात तरी चालेल, लबाडी चालणार नाही. हे वाक्य म्हणताना दरवेळी माझी जीभ जराशी अडखळते. पोरांच्या ते लक्षात येत नाही. माझ्या येतं.

कुठून सुरू करू? संगीपासूनच करते.

संगी म्हणजे संगीता, भीमाकाठच्या वडगाव रासाईची. मी कवठे येमाईची, माझं नाव वैशाली. अकरावीला आम्ही दोघी शिरूरच्या कॉलेजात आलो आणि मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत पडलो. पळण्याचं अंतरही दोघींचं एकच — आठशे मीटर, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी पायांनी पळायची असते. दुसरी कशाच्या बळावर पळतात, ते मला अजून उमगलेलं नाही. संगीला मात्र दुसरी फेरी म्हणजे सुट्टीला घरी निघाल्यासारखी वाटायची. शेवटच्या वळणावर ती मान एकदा उजवीकडे टाकायची आणि मग — गेली. मला नंतर तिची पाठच दिसायची.

मी दुसरी यायचे. नेहमी दुसरी. वर्षभर एकाच मुलीच्या पाठीकडे बघत पळणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला कसं सांगू? तिच्यावर माझा जीव होता, आणि ती एकदा तरी ठेचकाळावी असंही मला वाटायचं. एकाच मनात, एकाच वेळी. त्यातलं एक खरं आणि एक खोटं, असं नव्हतं.

ती अंगानं उभी, खांदे रुंद, आवाज घोगरा, वरच्या ओठावर बारीक लव. मुली तिला 'संग्या' म्हणायच्या आणि तीही छाती काढून दोन पावलं पैलवानासारखी चालून दाखवायची. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. ते तिला लागायचं का? मी कधी विचारलं नाही. तीच हसते आहे म्हटल्यावर विचारायचं कशाला, असा सोयीचा हिशेब. वसतिगृहात कुणाला ताप भरला की रात्री उशाशी बसून पट्ट्या बदलणारी हीच असायची. घरून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आला की आधी दुसऱ्यांना वाटून, मग स्वतः घ्यायची. मी दोन वर्षं तिच्या आईच्या हातची चटणी खाल्ली आहे. हे मुद्दाम सांगते.

आता देवळाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचे खेळाचे सर माझ्याच गावचे. कुठल्याही स्पर्धेला निघण्याआधी ते आम्हा मुलींना जीपमध्ये कोंबून कवठ्याला न्यायचे, येमाईपुढे नारळ फोडायचे, आणि मगच गाडी पुढे. ज्या मुलीला 'अडचण' असेल तिनं आत जायचं नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती बाहेर पायरीखाली बसायची आणि सगळ्यांचे बूट राखायची. देवळापुढून चपला जातात, आणि पळायचे बूट म्हणजे आमचा जीव. त्यामुळे ते काम मानाचंच होतं म्हणा ना. पण त्यातून एक व्हायचं — कुणाची पाळी केव्हा, ते सगळ्या संघाला दिसायचं. मुद्दाम कुणी लक्ष ठेवत नव्हतं. बूट राखायला कोण बसलं, एवढंच दिसायचं.

संगीही मधूनमधून बसायची. आणि तिथंच ती चुकली. एका स्पर्धेआधी बसली, आणि पुढची स्पर्धा लगेच आली, तेव्हा पुन्हा बसली. त्या दिवशी मलाही अडचण होती. आम्ही दोघी बुटांच्या ढिगाशेजारी बसलो होतो, आत घंटा वाजत होती. मी सहज म्हटलं, संगे, तू परवाच तर बसली होतीस की. तिनं ढिगातला एक बूट उचलला, त्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"वैशे, मला अजून आलीच न्हाई. कवाच न्हाई. पोरी काय म्हंतील म्हणून मी आपला मनानंच एखादा दिस धरती आन् बसती."

तिच्या आईनं तिला डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, काही मुलींना उशिरा येते म्हणाले. गोळ्या संपल्या, बाकी काही झालं नाही. घरात तिच्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आता मला झालं. कुणाला सांगू नको, म्हणाली. मी म्हटलं, वेडी आहेस का. आणि वर माझं शहाणपण — असे मनानं दिवस धरू नकोस, घोळ होतो. मी बसेन तेव्हा तू बस. एका खोलीतल्या मुलींचं एकदमच येतं असं म्हणतातच, कुणाला शंका यायची नाही.

ती इतकी मोकळी हसली. मला स्वतःचा अभिमान वाटला होता त्या दिवशी — खरंच वाटला होता. पुढं वर्षभर आम्ही दोघी एकदमच बाहेर बसलो, बुटांना मध्ये ठेवून, गप्पा मारत. तिच्यासाठी केलेली ती युक्ती माझी होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं ती मीच वापरली.

बारावीच्या वर्षी दौंडला निवड चाचणी होती. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात आठशे मीटरला एकच मुलगी घेणार, असं निवड समितीनं त्या वर्षी ठरवलं होतं. माझ्या घरी वेगळंच ठरलं होतं — संघात नाव आलं तर पुढं शिकायचं, नाही तर उन्हाळ्यात लग्न. मुलगा बघूनही ठेवला होता, शिक्रापूरला कंपनीत होता. वाईट नव्हता हो तो. आज त्याची मुलगी माझ्याच शाळेत आहे आणि बऱ्यापैकी पळते. पण मला तेव्हा लग्न नको होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्या पोटात काय होतं, ते सांगते आहे.

संगी पहिली आली. मी दुसरी. आमच्यात पुष्कळ अंतर होतं.

मी नळावर तोंड धुतलं आणि निंबाच्या सावलीत येऊन उभी राहिले. तिथं निवड समितीच्या एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर छत्री. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझी मैत्रीण ना ती, तिला पाळी वगैरे नीट येते का? मी गोंधळले. मोठ्या माणसापुढे खोटं कसं बोलायचं? म्हणून मी खरं ते सांगितलं.

थांबा. असं झालं नाही.

गेली कितीतरी वर्षं मी हे स्वतःला असंच सांगत आले आहे. इतक्यांदा सांगितलं आहे की बाईंचा तो प्रश्न मला त्यांच्या आवाजात ऐकू येतो. पण बाईंनी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला बोलावलंही नव्हतं. त्या पाणी पीत होत्या. मी आपणहून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. ती शिरूरची मुलगी काय पळते गं, एवढंच त्या म्हणाल्या — कौतुकानं म्हणाल्या. आणि मी म्हटलं,

"बाई, तिला पाळी येत नाही."

त्यांनी बाटली खाली ठेवली. तुला काय ठाऊक, असं विचारलं. तेव्हासुद्धा मला मागं फिरता आलं असतं. नक्की माहीत नाही बाई, असं म्हणून सुटता आलं असतं. मी काय केलं? मी त्यांना देवळाचं सांगितलं. ती खोटं खोटं बाहेर बसते, सगळ्यांना फसवते, असं सांगितलं. बसायचे दिवस तिला कोण ठरवून देत होतं, ते मात्र सांगितलं नाही. बाईंचा चेहरा बदलला. लपवते आहे म्हणजे काहीतरी असणार, असं त्या स्वतःशीच बोलल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुझं नाव कुठं येणार नाही. मी नाव लपवा म्हटलंही नव्हतं. पण ऐकून बरं वाटलं.

चार दिवसांत सरांना निरोप आला. तक्रार आली आहे, मुलीची पुण्याला तपासणी करावी लागेल. संगीची आई बिचारी घाबरून गेली. आबांना — संगीच्या वडिलांना — काय सांगायचं, हेच तिला सुचेना. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, वैशाली, माझ्यानं तिथं थांबवायचं न्हाई गं, तूच जा तिच्यासंगं. मी गेले. सर खाली गेटपाशी थांबले. वरच्या मजल्यावर एका खोलीबाहेर तिला बूट काढायला सांगितले. तिनं ते काढले, माझ्याकडे बघून हसली — देवळाबाहेर हसायची तशी — आणि आत गेली.

मी तिचे बूट मांडीवर घेऊन बाकावर बसले.

खूप वेळानं ती बाहेर आली. दंडावर सुई टोचल्याचा कापूस. बूट घालताना तिला नाडी बांधता येईना, मी बांधली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वाघोली मागं पडल्यावर एवढंच म्हणाली की कपडे काढायला लावले, आणि आत खूप माणसं होती, आणि सगळी आपापसात इंग्रजीत बोलत होती. तिनं खिडकीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. त्या हाताची मला आजही किळस येते.

तपासणीत काय निघालं? सरांनी तोंडी ऐकलं ते असं — मुलगी मुलगीच आहे, पण तिच्या अंगात एक हार्मोन बाकीच्या बायकांपेक्षा जास्त आहे. जन्मापासून. तिनं कसलं औषध घेतलेलं नाही, काही केलेलं नाही. आतली घडण थोडी वेगळी आहे, म्हणून पाळी नाही. आणि म्हणून नियमात बसत नाही. तिचं नाव कापलं. तिच्या जागी माझं आलं. राज्य स्पर्धेत मी तिसरी आले, त्याच्या जोरावर खेळाच्या कॉलेजात प्रवेश, पुढं ही नोकरी, हे घर, ही शिट्टी.

गोष्ट चार भिंतींत राहील असं सांगितलं होतं. राहिली का? संगी घरी पोचायच्या आधी ती वडगावला पोचली. माणसं काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारात यायची आणि तिला निरखून जायची. नदीवर कपडे धुवायला गेली की बायका बाजूला सरकायच्या. आबा पारावर बसायचे बंद झाले. पुढं तिनं शिक्रापूरला एका कारखान्यात काम धरलं, तर तिथंही कुणीतरी ही बातमी नेलीच, आणि बायकांच्या मुतारीत ही नको म्हणून सुपरवायझरकडे तक्रार गेली. तिनं काम सोडलं. हे सगळं तिनंच मला वेळोवेळी सांगितलं, कारण मन मोकळं करायला तिच्याकडे दुसरं होतंच कोण.

वसतिगृह सोडताना ती ट्रंक भरत होती. पळायचे बूट तिनं आत ठेवले, बाहेर काढले, पुन्हा ठेवले. मग तशीच कॉटवर बसली आणि मला विचारलं, "वैशे, खरं सांग. मी बाई न्हाई व्हय?"

मी म्हटलं, आहेस गं. तिनं मान हलवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. डॉक्टरांच्या कागदापेक्षा तिला माझा शब्द मोठा होता.

अजून एक राहिलं. तक्रार कुणी केली, याचा ती तेव्हा फार विचार करायची. दौंडची एक मुलगी होती, चाचणीत तिसरी आलेली. संगीला वाटायचं, तिनं किंवा तिच्या घरच्यांनी केली. मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ — पण मी म्हटलं, व्हय, तिचंच काम दिसतंय. कुठल्या दुसऱ्या लेकराच्या नावावर मी माझं पाप लिहून टाकलं, आणि संगी आजही त्या दौंडच्या मुलीचं नाव निघालं की तोंड फिरवते.

तुम्ही म्हणाल, नियमाचं काय? बाकीच्या मुलींनी काय करायचं? हा प्रश्न खोटा नाही. मी मैदानावर आयुष्य काढलं आहे. मुलींची शर्यत वेगळी ठेवली नाही तर मुलींना मैदानच उरणार नाही, हे मला चांगलं कळतं. मग रेघ कुठंतरी ओढायला हवी. पण शरीर कुठं रेघ बघून तयार होतं? एका शिबिरात डॉक्टरबाईंनी आम्हा शिक्षकांना सगळं समजावलं होतं — कुणाचे हार्मोन वेगळे, कुणाची गुणसूत्रं वेगळी, त्याचा पळण्याला किती फायदा होतो यावर जाणकारांचंच एकमत नाही, नियमही सारखे बदलतात. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. संगीचं पळणं त्या हार्मोनचं किती आणि पहाटे उठून कॅनॉलच्या कडेनं घातलेल्या खेपांचं किती, ते मला ठरवता येत नाही. तिनं माझ्याविरुद्ध पळणं बरोबर होतं की नव्हतं? मला खरंच माहीत नाही. पण त्या दिवशी निंबाखाली मला हा प्रश्न पडलाच नव्हता. मला तिची जागा हवी होती.

संगी आता टेम्पो चालवते. वडगाव आणि आसपासची भाजी शिक्रापूरच्या कंपन्यांच्या कँटीनला पोचवते. केस बारीक कापलेत, हिंदी फर्डं बोलते, बिहारी पोरं तिला 'दीदी' म्हणतात आणि दबकून असतात. लग्न केलं नाही. शिरूरकडे काही काम निघालं की शाळेच्या गेटपाशी टेम्पो उभा करते आणि मला मेथीची जुडी नाही तर वांगी देऊन जाते. पैसे काढले की शिव्या देते. माझ्या सुटलेल्या पोटावरून चिडवते — आता पळून दाखव की वैशे, म्हणते, मी चालत चालत तुला गाठीन. आम्ही हसतो. इतकं सगळं होऊन ती हसते कशी, हे मला समजत नाही.

गेल्या आठवड्यात ती एकटी आली नाही. बरोबर तिच्या भावाची मुलगी होती, पूजा. काटक, उंच, खांदे थेट संगीचे. संगी म्हणाली, पोरगी चांगली पळते, तुझ्या हाताखाली घे. मग पूजाला मैदानाला एक फेरी मारायला पाठवलं. पोरीनं चपला काढून कडेला ठेवल्या आणि ती अनवाणीच सुटली. शेवटच्या वळणावर तिनं मान उजवीकडे टाकली.

संगीनं त्या चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली,

"हिलाबी अजून न्हाई आली. वय कमी हाय, येईल बी. पन न्हाईच आली, आन् उद्या कुनी काय बोललं, तर हिच्यासंगं तू ऱ्हा. माझ्या टायमाला तूच व्हतीस."

बोलायची वेळ तीच होती. याहून सरळ वेळ मला पुन्हा मिळणार नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं — हो, राहीन ना.

पूजा धापा टाकत आली. संगीनं चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि सांगितलं, मॅडमच्या पाया पड. पोरगी वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.